‘बघून घ्या’ : विक्रीला काढलेल्या घराची तोशीस

काही वर्षांपूर्वी माझ्या भाचीने कॅलिफोर्नियातले, सॅक्रामेंटो शहराजवळचे आपले घर विक्रीला काढले. एजंटने बाजारात नोंद केली, अंगणात पाटी लागली, शनिवार-रविवारी गिऱ्हाइके घर पाहून जाऊ लागली. नवव्या दिवशी गॅरेजमधली पाणी तापवायची टाकी फुटली. आता हे घर तसे भाचीचेच. पण मनाने तिने ते सोडलेले. अशा घरात नवी टाकी कोण बसवणार? तिने एका कंपनीला फोन केला. दुसऱ्या दिवशी कारागीर आला, ठरलेली फी घेतली आणि नवी टाकी बसवून गेला. टाकीची किंमत कंपनीने सोसली. घर विक्रीला काढताना एजंटने तिला एक ‘होम वॉरंटी’ घ्यायला लावली होती. तिचे पैसे घर विकले जाईल त्या दिवशी, आलेल्या रकमेतून वळते व्हायचे होते.

पुढच्याच आठवड्यात घरातले वातानुकूलन बंद पडले. तेव्हा मात्र कंपनीने सांगितले, की विकणाऱ्याच्या मुदतीत हे यंत्र धरलेले नाही. त्यासाठी जास्तीचे पैसे भरायला हवे होते. भाचीने वैतागून कराराची पाने मला पाठवली आणि रात्री फोन केला.

“मामा, तुम्ही इतकी खरेदीखतं लिहिता. आपल्याकडं घर विकायला काढल्यावर मधल्या काळात काही मोडलं तर कुणी भरायचं?”

मी म्हणालो, “अगं, आपल्याकडं ‘बघून घ्या’ म्हणतात. झालं.”

ती हसली. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. कारण ‘बघून घ्या’ हे वाक्य माझे नव्हते, वडिलांचे होते. त्याची हकीकत शेवटी सांगेन. आधी त्या प्रश्नामागे मी कुठे कुठे गेलो ते सांगतो. मी दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसून दस्त लिहिणारा माणूस आहे. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. पण एकोणतीस वर्षे दुसऱ्यांच्या घरांच्या चतुःसीमा लिहिल्यावर माणसाला त्या सीमांच्या आतल्या गोष्टींविषयीही कुतूहल वाटू लागते.

रोममधले उंच घर

विक्रीला काढलेल्या घराचा मला सापडलेला सर्वांत जुना सविस्तर तंटा रोममधला आहे. तो सिसेरोने इसवी सनपूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या ‘कर्तव्ये’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात नोंदवला आहे. रोममध्ये शकुन पाहणारे पुरोहित गडावर उभे राहून आकाशाचे निरीक्षण करत. सीलियन टेकडीवर क्लॉडियस सेंतुमालस नावाच्या गृहस्थाची उंच इमारत होती आणि ती त्यांच्या दृष्टीच्या आड येत होती. पुरोहितांनी त्याला वरचा भाग पाडायचा हुकूम दिला. क्लॉडियसने तो पाडला नाही. त्याने इमारत विकायची असल्याचे जाहीर केले आणि कॅल्पर्नियस लानारियस याला ती विकून टाकली. मग तोच हुकूम कॅल्पर्नियसला आला. त्याने निमूटपणे वरचा भाग पाडला. नंतर त्याला कळले, की विकणाऱ्याने हुकूम मिळाल्यानंतरच घर विक्रीला काढले होते. तो न्यायाला गेला. न्यायाधीश होते मार्कस केटो, पुढे सीझरच्या विरोधासाठी प्रसिद्ध झालेल्या केटोचे वडील. त्यांनी निवाडा दिला, की विकताना विकणाऱ्याला ही गोष्ट ठाऊक होती आणि त्याने ती सांगितली नाही. म्हणून नुकसान त्यानेच भरून द्यावे.

याच ग्रंथात सिसेरोने आणखी एक प्रश्न टाकला आहे. एखाद्याचे घर रोगट आहे, खोल्याखोल्यांतून जीवजंतू निघतात, लाकूडकामही कच्चे आहे आणि हे मालकाखेरीज कोणालाच माहीत नाही. त्याने न सांगता ते विकले, तर तो वाईट वागला का? सिसेरो दोन तत्त्वज्ञांना याच्या दोन बाजूंना उभे करतो. एक म्हणतो, घेणाऱ्याचे डोळे त्याच्याजवळ आहेत, कोणी त्याच्यावर जबरदस्ती केलेली नाही. दुसरा म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्याहूनही हे वाईट, कारण इथे जाणूनबुजून दुसऱ्याला चुकीत पाडले जाते. सिसेरोचा कौल दुसऱ्याच्या बाजूने आहे. दोन हजार वर्षे झाली; आमच्या कार्यालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर हा वाद अजून याच दोन बाजूंनी चालतो.

चाळीस कुळांसमोर

आपल्याकडच्या ग्रंथांत हा प्रश्न वेगळ्या ठिकाणाहून सुरू होतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात घर आणि जमीन यांच्या विक्रीचे स्वतंत्र प्रकरण आहे. मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी सिद्ध केलेल्या आवृत्तीत मी ते वाचले. विकत घेण्याचा पहिला हक्क भाऊबंदांचा, मग शेजाऱ्यांचा, मग सावकाराचा. बाहेरच्याचा क्रम त्यानंतर. घर विकायचे तर शेजारच्या चाळीस कुळांच्या समक्ष, घरासमोर उभे राहून त्याची घोषणा करायची. ‘या किमतीला कोण घेतो?’ असे तीन वेळा विचारायचे. कोणी हरकत घेतली नाही, तरच गिऱ्हाइकाला घेता येई. चढाओढीने किंमत वाढली, तर वाढलेली रक्कम राजाच्या खजिन्यात जाई.

घोषणेच्या या रिवाजाचा ग्रंथातला उद्देश हक्क आणि किंमत यांचा आहे. पण तिचा दुसरा परिणाम काय झाला असेल, याचा विचार करा. ज्या चाळीस घरांनी ते घर बांधताना, गळताना, शाकारताना पाहिले, त्यांच्यासमोर विकणारा उभा आहे. तिथे ‘भिंत पक्की आहे’ असे खोटे बोलणे सोपे नव्हते. घराचा इतिहास विकणाऱ्याच्या एकट्याच्या पोटात नव्हता, तो आळीच्या ताब्यात होता.

याच अधिकरणात पुढे विक्री मोडण्याचेही नियम आहेत. विकलेला माल ठरलेल्या मुदतीत परत घेता-देता येई. व्यापाऱ्याला एक रात्र, शेतकऱ्याला तीन, गुराख्याला पाच. वस्तूत अंगचा दोष निघाला, तर मागे फिरायला वेगळी मुभा होती. मनुस्मृतीने पश्चात्ताप झालेल्याला दहा दिवस दिले. बाराव्या शतकाच्या आसपास, चालुक्यांच्या कल्याणी राजधानीत विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली. तिच्यात जमीन कोणत्या सहा गोष्टींनी दुसऱ्याकडे जाते याची परंपरागत यादी आली आहे : आपले गाव, नातलग, शेजारी आणि वारस यांची अनुमती, आणि त्यासोबत सोने व पाणी यांचे दान. सहांपैकी चार गोष्टी म्हणजे माणसे आहेत.

तोशीस हा शब्द

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आणि राजवाड्यांनी छापलेल्या साधनांत मी मराठी अमलातली मिरासपत्रे चाळली, तेव्हा हीच चार माणसे पुन्हा भेटली. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेजारचे मिरासदार यांची साक्ष. आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात विकणाऱ्याची हमी : आमचा भाऊबंद, आमच्या वंशातला कोणी पुढे येऊन तुम्हांस कथळा करील, तर तो आम्ही वारू. आजही मी जे खरेदीखत टंकतो, त्यात हेच वाक्य नव्या कपड्यांत असते : सदर मिळकतीवर कोणाचा हक्क, हितसंबंध वा बोजा निघाल्यास त्याचे निवारण लिहून देणार पदरखर्चाने करून देतील आणि लिहून घेणार यांस कोणत्याही प्रकारची तोशीस लागू देणार नाहीत.

‘तोशीस’ हा मला फार आवडणारा शब्द आहे. झळ, खर्च, त्रास, सगळे त्यात येते. पण नीट पाहा. ही हमी हक्काची आहे, घराची नाही. भाऊबंद उठला तर विकणारा भरून देईल. भिंत बसली तर नाही. शतकानुशतके आपल्या दस्तांनी माणसांपासून संरक्षण दिले, वाळवीपासून दिले नाही.

याचे कारण, माझ्या मते, साधे आहे. घेणारा गावातला असे, फार तर शेजारच्या गावातला. घर कसे आहे हे त्याला लहानपणापासून ठाऊक असे. त्याला भीती असे ती पुण्याला किंवा मुंबईला गेलेल्या चुलत्याची, जो दहा वर्षांनी परत येऊन वाटा मागेल. म्हणून हमी तिथे लिहिली, जिथे अज्ञान होते. पुढे घेणारा अनोळखी झाला, शेजारी अनोळखी झाले, पण दस्तातले वाक्य तेच राहिले.

मधला काळ

भाचीचा प्रश्न मात्र आणखी अरुंद होता. व्यवहार ठरला किंवा ठरत आला आहे, पण पुरा झालेला नाही. या मधल्या काळात घराला काही झाले तर? हा प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयांनी फार कठोरपणे सोडवला. १८०१ मधल्या पेन विरुद्ध मेलर या खटल्यात घरे विकण्याचा करार झाला होता, हस्तांतर व्हायचे होते, तेवढ्यात आग लागून घरे जळाली. विकणाऱ्यांनी विम्याची मुदतही संपू दिली होती. लॉर्ड एल्डन यांनी सांगितले, की करार पक्का झाला त्या क्षणी न्यायाच्या दृष्टीने घर घेणाऱ्याचे झाले. तेव्हा राख झालेल्या घराची पूर्ण किंमत त्यानेच द्यावी. १८८१ मधला रेनर विरुद्ध प्रेस्टन हा खटला तर याहून विचित्र. तिथे विकणाऱ्याने विमा उतरवला होता. मधल्या काळात आग लागली. विकणाऱ्याला विम्याचे पैसे मिळाले आणि घराची पूर्ण किंमतही मिळाली. घेणाऱ्याने विम्याचे पैसे मागितले, तेव्हा न्यायालयाने सांगितले, की विम्याचा करार तुझ्याशी नव्हता.

त्याच सुमारास हिंदुस्थानसाठी मालमत्ता हस्तांतरण कायदा तयार होत होता. तो १८८२ मध्ये आला आणि मुंबई इलाख्याला १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. इंग्रजांनीच केलेल्या या कायद्याने इथे इंग्लंडची वाट धरली नाही. कलम ५४ सांगते, की विक्रीचा करार, म्हणजे आपले साठेखत, स्वतःहून मिळकतीत कोणताही हक्क निर्माण करत नाही. कलम ५५ मध्ये विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची कर्तव्ये ओळीने दिली आहेत. करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत विकणाऱ्याने मिळकतीची आणि तिच्या कागदपत्रांची, सामान्य शहाणपणाचा मालक घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे. मालकी घेणाऱ्याकडे गेल्यानंतर, विकणाऱ्याच्या दोषाशिवाय झालेले नुकसान घेणाऱ्याचे. आणि कलम ४९ प्रमाणे, हस्तांतर झालेल्या मिळकतीवर विमा असेल आणि आग लागली, तर विम्याचे पैसे मिळकत पूर्ववत करण्यासाठी वापरावेत अशी मागणी घेणारा करू शकतो. रेनर खटल्यातला अन्याय आपल्या कायद्यात असा बुजवलेला आहे.

म्हणजे भाचीला मी दिलेले उत्तर कायद्याने चूकच होते. मधल्या काळाची काळजी आपल्याकडे विकणाऱ्यावर आहे, आणि ती १८८२ पासून आहे.

अमेरिकेतली वाळवी

आता कॅलिफोर्नियाकडे परत येऊ. होम वॉरंटी ही कल्पना तिथे का रुजली, हे समजायला अमेरिकेतल्या वाळवीचा इतिहास पाहावा लागतो.

मॅसॅच्युसेट्समध्ये १९३८ साली एका गृहस्थाने एका बचत बँकेकडून घर घेतले. दोन वर्षांनी घर वाळवीने पोखरल्याचे त्याला कळले. त्याचे म्हणणे, बँकेला हे माहीत होते. १९४२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्विंटन विरुद्ध व्हिटिन्सव्हिल बँक या खटल्यात त्याचा दावा फेटाळला. न्यायालयाचा तर्क असा, की बँक खोटे बोललेली नाही, फक्त गप्प बसली. गप्प बसणाऱ्याला शिक्षा केली, तर न दिसणारा दोष न सांगणारा प्रत्येक विकणारा गुन्हेगार ठरेल. ‘घेणाऱ्याने सावध असावे’ हे जुने सूत्र तेव्हा असे ठाम होते.

अठरा वर्षांनी, १९६० मध्ये, वॉशिंग्टन राज्यात ओब्डी विरुद्ध श्लेमायर हा खटला उभा राहिला. पुन्हा वाळवी, पुन्हा विकणाऱ्यांचे मौन. या वेळी न्यायालय म्हणाले, की दोष घातक आहे, पाहून सापडणारा नाही, विकणाऱ्यांना माहीत आहे. तेव्हा त्यांनी बोलायला हवे होते. १९६८ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका विधवेचा दावा आला. नव्या घरात तिने पहिल्यांदा शेकोटी पेटवली आणि घराला आग लागली. धुराडे सदोष होते. हंबर विरुद्ध मॉर्टन या त्या खटल्यात न्यायालयाने ठरवले, की बांधून विकणाऱ्याच्या नव्या घराला न लिहिलेलीही हमी चिकटलेली असते.

नव्या घरांची वाट अशी मोकळी होत होती. ब्रिटनमध्ये १९३६ पासूनच घरबांधणी व्यावसायिकांची नोंदणी परिषद काम करत होती. तिच्या धर्तीवर अमेरिकेतल्या घरबांधणी संघटनेने १९७० च्या दशकात नव्या घरांसाठी दहा वर्षांची हमी योजना काढली. पण जुन्या घराचे काय? जुने घर विकणारा काही बांधकाम व्यावसायिक नव्हे. तो शिक्षक असेल, परिचारिका असेल, बदली झालेला कारकून असेल. १९७१ मध्ये ‘अमेरिकन होम शील्ड’ या कंपनीने या फटीत पाऊल टाकले. घराची रचना नव्हे, तर घरातल्या चालत्या गोष्टी, म्हणजे पाणी तापवायची टाकी, नळ, विजेची जोडणी, भट्टी, शेगडी, यांची दुरुस्ती एका ठरीव रकमेत आणि दर भेटीच्या फीमध्ये करून देण्याचा करार. कॅलिफोर्नियाच्या विमा कायद्यात पुढे या करारांसाठी स्वतंत्र प्रकरणच आले.

घर बाजारात असतानाचे संरक्षण हे या व्यवसायाचे चतुर अंग आहे. ते बहुधा घर विकले जाईपर्यंत विकणाऱ्यासाठी चालते आणि विक्रीच्या दिवशी त्याचे रूप बदलून घेणाऱ्यासाठी वर्षभराची हमी सुरू होते. विकणाऱ्याला सोडून जायच्या घरावर अनपेक्षित खर्च नको असतो. घेणाऱ्याला पहिल्या वर्षी टाकी फुटण्याची धास्ती असते. आणि एजंटला, विक्रीनंतर दोघांचे भांडण आपल्या दारात नको असते. तिघांची गरज एका कागदात बसली.

एजंटच्या या भीतीला कारणही होते. कॅलिफोर्नियातल्या डायब्लो गावी १९७६ मध्ये एक घर १ लाख ७० हजार डॉलरना विकले गेले. घर भरावाच्या जमिनीवर होते. आधी दोनदा जमीन घसरली होती आणि मालकांनी हे एजंटांनाही सांगितले नव्हते. विक्रीनंतर जमीन पुन्हा घसरली, घर तडकले. एजंटांनी उतारावर टाकलेली जाळी पाहिली होती, एकाला जमिनीचा उंचसखलपणाही जाणवला होता. १९८४ च्या ईस्टन विरुद्ध स्ट्रासबर्गर या निकालात न्यायालयाने एजंटांनाही जबाबदार धरले : घर नीट पाहणे आणि दिसलेले सांगणे हे तुमचेही कर्तव्य आहे. पाठोपाठ कायदा झाला आणि १९८७ पासून कॅलिफोर्नियात घर विकणाऱ्याला दोषांचा छापील तक्ता भरून देणे बंधनकारक झाले. छप्पर, पाया, नळ, शेजाऱ्यांशी तंटे, पूर, जमीन घसरणे, सगळे त्या तक्त्यात आहे.

भाचीच्या कागदांत हा तक्ताही होता. मी तो आणि वॉरंटीचा करार शेजारी ठेवून वाचले, तेव्हा माझ्या लक्षात आले, की ही एकमेकांची जुळी भावंडे वाटली, तरी आहेत उलट स्वभावाची. तक्ता म्हणतो : जे माहीत आहे ते बोल. वॉरंटी म्हणते : जे पुढे मोडेल ते आम्ही पाहू. तिच्या करारात बारीक टंकात लिहिले होते, की आधीपासून माहीत असलेला दोष धरला जाणार नाही. म्हणजे लपवलेल्या गोष्टीवर कोणतीही कंपनी पांघरूण घालत नाही. पैसे भरून दुरुस्ती विकत मिळते. प्रामाणिकपणाची जागा मात्र तो कागद घेऊ शकत नाही.

आणि जिथे पैसा आला तिथे दलालीही आली. वॉरंटी कंपन्या एजंटांना, त्यांनी ग्राहक पाठवले की पैसे देऊ लागल्या. घरव्यवहारातली अशी बक्षिसी १९७४ च्या केंद्रीय कायद्याने निषिद्ध होती. जून २०१० मध्ये अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याने स्पष्ट केले, की नुसत्या शिफारशीबद्दल एजंटला दिलेले पैसे ही बेकायदा बक्षिसी आहे. खरे, वेगळे आणि आवश्यक काम केले असेल तरच मोबदला चालेल. चाळीस कुळांची साक्ष फुकट होती. तिची जागा घेणाऱ्याला दर व्यवहारामागे पैसे हवे होते.

भुताटकीचे घर

या सगळ्या निकालांत मला सर्वांत हसवणारा आणि विचार करायला लावणारा निकाल न्यूयॉर्कचा आहे. नायॅक गावातल्या एका जुन्या घराच्या मालकीणबाईंनी आपल्या घरात भुते असल्याचे वर्तमानपत्रांत आणि ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये छापून आणले होते. घर विकताना मात्र त्या त्याबद्दल बोलल्या नाहीत. साडेसहा लाख डॉलरना सौदा ठरला, बाहेरगावच्या घेणाऱ्याने ३२,५०० डॉलर इसार दिला, आणि मधल्या काळात त्याला भुतांची बातमी कळली. १९९१ मध्ये स्टॅम्बोव्हस्की विरुद्ध ॲक्ली या खटल्यात अपील न्यायालय म्हणाले, की बाईंनी स्वतःच जगाला भुते असल्याचे सांगितले आहे. आता त्या नाकारू शकत नाहीत. तेव्हा कायद्याच्या दृष्टीने घर झपाटलेलेच आहे. आणि घेणाऱ्याने कितीही काळजीने घर तपासले असते, तरी भूत सापडले नसते. त्याला सौदा मोडायची मुभा मिळाली.

विनोद बाजूला ठेवला, तर न्यायालयाची कसोटी तीच आहे, जी आपल्या कलम ५५ मध्ये आहे : विकणाऱ्याला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही, आणि सामान्य काळजीने पाहून ते कळणारे नाही.

आपला कागद

महाराष्ट्रात नव्या घरांना आज बरे संरक्षण आहे. १९६३ च्या मोफा कायद्यात ताबा दिल्यापासून तीन वर्षांत निघालेला दोष बांधकाम व्यावसायिकाने दूर करायची तरतूद आहे. २०१६ च्या रेरा कायद्याने ही मुदत पाच वर्षे केली. दोष कळवल्यापासून तीस दिवसांत तो खर्चाशिवाय दुरुस्त करून द्यायचा. पण तुम्ही-आम्ही एकमेकांना जुने घर विकतो, तेव्हा यांतले काही लागू नाही. तिथे उरते ते फक्त कलम ५५.

आणि या कलमाच्या शेवटी एक वाक्य आहे, जे मी वयाच्या पंचविसाव्या वर्षी प्रथम वाचले. विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला न दिसणारा महत्त्वाचा दोष न सांगणे हे कपट आहे. ‘चूक’ नाही, ‘हयगय’ नाही. कपट.

आता वडिलांची हकीकत. १९८४ साली मी नववीत होतो. वाई तालुक्यातल्या आमच्या गावातले घर वडिलांनी बहिणीच्या लग्नासाठी विकायला काढले. वडील प्राथमिक शिक्षक. माजघरातली तुळई वाळवीने आतून खाल्लेली होती. टोकाला बोट लावले की भुसा गळे. वडिलांनी एका रात्री भोकांत लाकडाचा भुसा आणि सरस भरला, वरून काळे तेल ओढले. कंदील मी धरला होता. घेणारे निवृत्त पोस्टमन होते, तालुक्याच्या दुसऱ्या टोकाचे. त्यांनी घर पाहिले आणि विचारले, “गुरुजी, सांगण्यासारखं काही?”

वडील म्हणाले, “तुम्ही बघून घ्या.”

दोन वर्षांनी श्रावणात, रात्री, ती तुळई मोडली. त्या रात्री माजघरात कोणी निजले नव्हते. पोस्टमन आमच्या भाड्याच्या खोलीवर आले, पायरीवर बसले, म्हणाले, “गुरुजी, तुळई गेली.” आईने चहा दिला. चहा पिऊन ते गेले. त्यांनी काही मागितले नाही, वडिलांनी काही दिले नाही. त्यानंतर वडील त्या आळीतून कधी गेले नाहीत. ते खोटे बोलले नव्हते, असे मी पुष्कळ वर्षे स्वतःला सांगत असे. १९४२ च्या त्या न्यायालयानेही तेच म्हटले होते. कायद्यातले ते वाक्य वाचल्यावर मला तेवढाही आधार उरला नाही.

पण गोष्ट वडिलांपाशी थांबत नाही. कलम ५५ ची सुरुवात ‘याविरुद्ध करार नसेल तर’ अशी आहे. आणि प्रत्येक खरेदीखतात मी एक ठरलेले वाक्य टंकतो : ‘लिहून घेणार यांनी सदर मिळकत समक्ष पाहून सर्व बाबतींत खात्री करून घेतलेली आहे.’ हे वाक्य मला माझ्या गुरूंनी शिकवले, त्यांना त्यांच्या गुरूंनी. ‘बघून घ्या’चेच हे कागदी रूप. वडिलांनी ते एकदा म्हटले. मी ते हजारो वेळा लिहिले आहे.

भाचीच्या फोननंतर मी एक बदल केला. जुन्या घराचा दस्त असेल, तर लिहून देणाराला एक कोरा कागद देतो आणि म्हणतो, घरात गळती, वाळवी, तडा, पाण्याचा निचरा याबद्दल जे ठाऊक आहे ते चार ओळींत लिहा. दस्ताला परिशिष्ट म्हणून जोडू. सक्ती करायचा मला अधिकार नाही. बहुतेक जण कागद परत करतात. काहीजण माझ्याकडे रागाने पाहतात, जणू मी त्यांच्या घराची बदनामी करतो आहे. पण काहीजण लिहितात. गेल्या पावसाळ्यात एका म्हातारबाईंनी लिहिले, ‘पश्चिमेची भिंत जोराच्या पावसात ओल धरते. मागच्या परड्यात विहीर बुजवलेली आहे.’ घेणारे जोडपे तरुण होते. त्यांनी ते वाचले, आपसांत काही बोलले, किमतीत थोडी घासाघीस केली. सौदा मोडला नाही.

सह्या झाल्यावर त्या मुलाने बाईंना विचारले, “आजी, विहीर नेमकी कुठं?”

आणि त्या त्याला हाताने दाखवू लागल्या.